खैरीचं चौथं पोट

लग्नात जेवायला बसलं की शेजारची बाई हटकून विचारते, "तुम्ही नोकरीत काय करायचात?" मी खरं तेच सांगते. "मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवर काम करायचे." बाई श्रीखंडाची वाटी जरा स्वतःकडे ओढून घेते. एखादी धीट असली तर पुढे विचारते, "मुंबईत कुठल्या हो मेंढ्या?"

होत्या. बोरिवली पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या संस्थेच्या मागच्या शेडमध्ये होत्या. आता नाहीत. का नाहीत, ते सांगायला हे लिहितेय. संस्थेचं नाव लिहीत नाही. नाव वाचलंत तर तुम्ही इमारतीवर चिडाल, आणि मला चीड माणसाची आहे.

मी शैला परब, जनावरांची डॉक्टर. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये वॉचमन झाले. मुलगी डॉक्टर होणार म्हणून त्यांनी चाळीत पेढे वाटले आणि मी प्रयोगशाळेत नेमकं काय करते हे कळल्यावर कपाळाला हात लावला. "मेंढरांच्या लेंड्यो बघूक इतक्या शिकलंस गो?" म्हणाले. हो. लेंड्याच बघायचे. मेंढीच्या लेंड्या मिठाच्या दाट पाण्यात कुस्करायच्या, गाळायच्या. जंतांची अंडी हलकी, ती वर तरंगतात. ती काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. अंडी जास्त म्हणजे पोटात अंडी घालणाऱ्या माद्या जास्त. मेंढी न कापता तिच्या पोटात डोकावायचा हा मार्ग. वास येतो. दोन महिन्यांनी येईनासा होतो.

मेंढीला चार कप्प्यांचं पोट असतं. चौथा कप्पा म्हणजे खरं जठर, आपल्यासारखं. तिथे एक जंत राहतो. सुईएवढा बारीक, लांबीला नखाहून थोडा जास्त. मादीच्या अंगात रक्ताने भरलेलं लाल आतडं आणि पांढरी अंडाशयं एकमेकांना पिळे घालून असतात, त्यामुळे लाल-पांढरी दोरी वळल्यासारखी दिसते. दिसायला सुंदर आहे, हे मी कबूल करते. तो रक्त पितो. हजारांनी असले की मेंढी पांढरीफटक पडते. डोळ्याची खालची पापणी उलटून पाहिली की आतला लाल रंग गेलेला दिसतो. रक्तातलं प्रथिन संपतं, मग जबड्याखाली पाणी उतरतं, पिशवी लोंबल्यासारखी. त्यानंतर थोडेच दिवस.

पावसाळ्यात ओल्या गवतावर या जंताची पिल्लं दवाच्या थेंबातून पात्याच्या टोकापर्यंत चढतात. मेंढी गवत खाते, ती आत जातात. आमच्या डोंगराखालच्या गवतात त्यांची चंगळ होती. म्हणून तर आम्ही तिथे मेंढ्या ठेवल्या होत्या.

कारण आम्हाला वेगळंच बघायचं होतं. एकाच कुरणात, एकच गवत खाऊन काही मेंढ्या मरायला टेकतात आणि काही मजेत रवंथ करतात. असं का? उत्तर मेंढीच्या आत आहे. जठराच्या अस्तरात पहारा देणाऱ्या पेशी असतात. जंताची ओळख पटलेली असली, तर नवं पिल्लू अस्तरात घुसताच त्या पेशी फुटतात आणि त्यातलं रसायन बाहेर पडतं. अस्तर सुजतं, चिकट स्राव दाट होतो, पोट जोरात आवळतं. पिल्लाला पाय रोवायला जागा मिळत नाही, ते निसटून खाली वाहून जातं. जे टिकतं त्याला रक्तातल्या दुसऱ्या पेशी येऊन चिकटतात आणि त्याच्या अंगावर विष ओततात. शिवाय त्या स्रावात एक प्रतिपिंड असतं, ते जंताला नीट खाऊ देत नाही. मग जंत जगला तरी खुरटतो. खुरटलेली मादी अंडी कमी घालते. अंडी कमी म्हणजे कुरणात पिल्लं कमी, म्हणजे पुढच्या कोकरांना धोका कमी.

मेंढी सगळे जंत मारून टाकत नाही. ती त्यांना माजू देत नाही. एवढी एक गोष्ट समजायला माणसाला आयुष्य लागू नये, पण लागतं.

आणि हे तिला उपजत येत नाही. कोकराला आधी थोडे जंत पोटात घ्यावे लागतात, आजारी न पडण्याइतके, आणि काही महिने जाऊ द्यावे लागतात. तेव्हा कुठे शरीर शिकतं. काही घराण्यांना हे शिकणं लवकर जमतं. आमच्याकडे असं एक घराणं होतं. त्याची मूळ मालकीण खैरी.

खैरी दख्खनी मेंढी, तांबूस-काळी, एक कान फाटलेली, दिसायला अगदी सामान्य. नाव शेड सांभाळणाऱ्या सोनावण्यांनी ठेवलेलं. सोनावणे घाटकोपरला राहायचे, गाव नगरकडचं. मेंढ्यांना ते नावाने हाक मारायचे आणि मला मॅडम. खैरीचं आणि त्यांचं पटायचं नाही. खैरी त्यांना ढुशा मारायची. "ही बया मला मारूनच रिटायर होणार," असं ते दर आठवड्याला म्हणायचे आणि खिशातली शेंगदाण्याची पुडी तिच्यासमोर सोडायचे.

भर पावसाळ्यात बाकीच्यांच्या पापण्या फिक्या व्हायच्या, खैरीची पापणी डाळिंबाच्या दाण्यासारखी असायची. व्यायल्यावर प्रत्येक मेंढीची ताकद दुधात जाते, प्रतिकार ढिला पडतो, अंडी वाढतात. खैरीचीही वाढायची, पण महिन्याभरात पुन्हा खाली. तिच्या लेकी तशाच. लेकींच्या लेकीही तशाच निघायला लागल्या होत्या. आम्ही औषध फक्त ज्यांच्या पापण्या फिक्या त्यांनाच पाजत होतो. बाकीच्यांना मुद्दाम नाही. असं वर्षानुवर्षं चालू होतं. या कामात घाई चालत नाही, मेंढी एका वेळेला एकच कोकरू देते.

बिबट्याने आमचं एक कोकरू उचलून नेलं होतं. तेव्हा मी रडले, पण चिडले नाही. बिबट्याला भूक लागली होती. मग आमच्याकडे नवे संचालक आले.

फाइलींच्या जिन्याने वर चढलेला माणूस. पहिल्याच आठवड्यात शेड बघायला आले, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून.

"परब मॅडम, या मेंढ्यांच्या पोटात जंत आहेत असं कळलं."

"आहेत, सर."

"आणि तुम्ही औषध देत नाही?"

"ज्यांना गरज आहे त्यांना देतो."

"सरकारी संस्थेत जंत! पुढच्या महिन्यात बाहेरचे पाहुणे येणारेत. त्यांना काय सांगायचं?"

"सर, आपल्या विभागाचं नावच परजीवी विभाग आहे."

मागे सोनावणे खोकले. साहेब हसले नाहीत. मी त्यांना त्यांच्या केबिनमध्ये बसून नीट समजावलं. दोन गोष्टी सांगितल्या. सगळ्यांना सरसकट औषध पाजलं तर कोकरांच्या शरीराला शिकायला काही उरणार नाही. आणि औषधाने मरणारे जंत मरतील, न मरणारे थोडे उरतील. मग कुरणात त्यांचीच पिल्लावळ होईल. दर महिन्याला पाजलंत तर औषधाला न जुमानणारा जंत आपण आपल्या हाताने तयार करू. काही मेंढ्यांना औषध न देणं ही हयगय नाही, सर. साध्या जंतांची जात शिल्लक राहावी म्हणून ते मुद्दाम करतात.

"म्हणजे जंत वाचवायचे?" ते म्हणाले.

"काही वाचवायचे, सर. नाहीतर औषध जाईल."

"तुम्ही फार इमोशनल होता, मॅडम."

हे वाक्य माझ्या नोकरीत मी इतक्या पुरुषांच्या तोंडून ऐकलंय की त्याचा मला आता राग येत नाही, असं लिहिणार होते. येतो.

दुसऱ्या दिवशी लेखी आदेश निघाला. दर महिन्याला, सगळ्यांना. पाहुणे आले, शेडच्या दाराला हार लागला, "जंतमुक्त आदर्श कळप" अशी पाटी लागली. साहेबांनी कोकरू कडेवर घेऊन फोटो काढला. सोनावणे पिचकारीने एकेका मेंढीच्या तोंडात औषध सोडत होते. खैरीने ते त्यांच्या शर्टावर थुंकलं. त्या वर्षी लेंड्यांत अंडी दिसेनाशी झाली आणि मी मूर्ख ठरले. जेवणाच्या सुट्टीत सहकारी म्हणायचे, "शैला, झालं ना सगळं झकास? उगाच भांडलीस यार."

पुढच्या पावसाळ्यात श्रावणाच्या सुमाराला सोनावणे प्रयोगशाळेच्या दारात आले. ते कधी आत यायचे नाहीत, वासाची त्यांना शिसारी. त्या दिवशी थेट माझ्या टेबलापर्यंत आले.

"मॅडम, कोकराच्या गळ्याखाली पाणी आलंय. तिघांच्या."

"औषध कधी दिलं?"

"गेल्या आठवड्यातच की."

मी धावत गेले. पापण्या उलटल्या. आतून खडूसारख्या पांढऱ्या. लेंड्या तपासल्या तर अंडीच अंडी. पुन्हा औषध दिलं, जास्त मात्रेने. फरक नाही. दुसऱ्या गटातलं दिलं. थोडा फरक, मग तोही नाही. खुराक वाढवला, पेंड वाढवली, सरकी दिली. प्रथिन मिळालं तर शरीर लढायला उभं राहतं, पण ही कोकरं लढाई शिकलेलीच नव्हती. जन्मल्यापासून त्यांच्या पोटात जंत टिकूच दिले नव्हते. पहिल्यांदा जंत आले ते थेट औषधाला न मरणारे, आणि हजारांनी. कोकरं एकामागून एक गेली. त्यांत खैरीच्या नातीही होत्या. रक्तात गुण होता, पण गुणाला शिकायची संधीच मिळाली नाही.

मोठ्या मेंढ्यांपैकीही काही गेल्या. जुन्या दिवसांत शिकून तयार झालेल्या खैरी आणि तिच्या लेकी मात्र उभ्या होत्या. पापण्या डाळिंबी. त्याच गवतावर, त्याच जंतांसमोर. औषध हरलं होतं, मेंढी हरली नव्हती. एखाद्या अक्कल असलेल्या माणसाने तिथेच तिच्यापुढे गुडघे टेकले असते.

साहेबांनी बैठक बोलावली. "देशी जात कमकुवत निघाली," असं म्हणाले. सगळ्यांसमोर. मी उभी राहिले. "सर, कमकुवत जात नाही, आपला आदेश होता." खोलीत कुणी माझ्याकडे बघेना. जे माझ्या टेबलावर बसून साहेबांना शिव्या घालायचे, तेही खिडकीबाहेर बघत होते. बैठकीच्या शेवटी खरी गोष्ट बाहेर आली. नवं परिषद सभागृह बांधून झालं होतं आणि पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा नव्हती. शेड आणि कुरण पार्किंगसाठी घ्यायचं ठरलं. कळप लिलावात काढायचा.

मी केबिनमध्ये गेले. आवाज खाली ठेवायचा, असं ठरवून गेले.

"सर, सगळा कळप विका. खैरी आणि तिच्या लेकी तेवढ्या ठेवा. माझ्या ओळखीच्या बाईंची मनोरीला वाडी आहे, त्या जागा द्यायला तयार आहेत. मार्व्याहून फेरीबोटीने नेऊ. मी स्वतः जाऊन बघत जाईन."

"सरकारी मालमत्ता खाजगी वाडीत? उद्या चौकशी लागली तर?"

"मग दुसऱ्या सरकारी फार्मवर पाठवा."

"कोण घेणार? औषध न लागू होणारे जंत आहेत त्यांच्यात. तुम्हीच तर लिहून दिलंय. लिलावाची अट बघा, फक्त कत्तलीसाठी. दुसऱ्या कळपात सोडायच्या नाहीत."

आणि ही अट चुकीची नव्हती, हेच मला जास्त लागलं. तो जंत दुसऱ्या कुरणात जाता कामा नये, हे मीच लिहिलं होतं. वेगळं ठेवून, सिमेंटच्या जमिनीवर, कोरडा चारा घालून त्या मेंढ्या जगवता आल्या असत्या, त्यांची पिल्लं घेता आली असती. हेही मी लिहिलं होतं. ते वाक्य त्यांनी वाचलं नव्हतं, किंवा वाचून सोडलं होतं. आवाज खाली राहिला नाही. शिपाई आत डोकावून गेला.

लिलाव घेतलेले व्यापारी कुरेशीभाई सज्जन माणूस. मेंढ्या ट्रकमध्ये चढवताना काठी वापरू दिली नाही. मी त्यांना म्हटलं, "भाई, मला यांची पोटं पाहिजेत. चौथा कप्पा. कानातल्या बिल्ल्यासकट, कुठलं कुणाचं ते कळलं पाहिजे."

"पोटं? ले जाओ मॅडम, कौन रोकेगा?" मग जरा थांबून म्हणाले, "पाळलेली होती का?"

सोनावण्यांनी ऐकलं होतं. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, जगवायला पाळली की कापून बघायला?"

"ती जाणारच आहे, सोनावणे. निदान तिच्या पोटात काय होतं ते तरी..."

"मी येणार नाही तिथं."

"नका येऊ."

कत्तलखाना पूर्व उपनगरातला. तिथे मांस तपासणारा डॉक्टर मुकुंद, माझ्याच वर्गातला. सकाळी मी बादली, इनॅमलचे ट्रे आणि मिठाचं पाणी घेऊन पोहोचले तेव्हा तो म्हणाला, "शैला, रिटायरमेंटला आलीस, तुला हे सुचतं कसं?" पण त्याने एक टेबल मोकळं करून दिलं आणि स्वतः हातमोजे चढवले. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर सोनावणे बसलेले दिसले. घाटकोपरहून आले होते. आत आले नाहीत.

आधी कळपातल्या दुसऱ्या एका मेंढीचं जठर उघडलं. अस्तर फिकट, ठिपक्याठिपक्यांचं, आणि त्यावर जंतांचा थर. शेवया हलाव्यात तसा वळवळत होता. मुकुंद म्हणाला, "वाट लागली होती बिचारीची." अशी आणखी दोन-तीन उघडली. सगळी तशीच.

मग खैरीच्या फाटक्या कानातला बिल्ला बांधलेलं जठर आलं. कात्री मीच चालवली. आत गुलाबी, जाड घड्या, त्यांवर काचेसारखा चिकट स्राव. जंत दिसेनात. आम्ही पाण्याने धुतलं, भिंगाने शोधलं. सापडले थोडे, आणि जे सापडले ते इतर जंतांच्या निम्म्याने खुरटे. औषध सगळ्यांना सारखं पाजलं होतं, गवत एकच होतं. लेकींच्या पोटातही तेच. मुकुंदने भिंग पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "हे असं मी कधी पाहिलं नाही गं." मीही पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं अंडी मोजून जे म्हणत होते, ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निष्कर्ष आणि तो खाटकाच्या टेबलावर. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि त्या आनंदाची मला किळस आली.

दुपारी मी दोन ट्रे घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. आत दोन-चार माणसं बसली होती, सभागृहाच्या खुर्च्यांचं कापड निवडत होती. मी ट्रे त्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवले, कापडाच्या नमुन्यांच्या शेजारी. झाकणं काढली.

साहेबांनी रुमाल नाकाला लावला. "हे काय आहे?"

"हा ट्रे तुमच्या जंतमुक्त आदर्श कळपाचा. आणि हा त्या मेंढीचा, जिला तुम्ही कमकुवत म्हणालात. बघा. रुमाल काढा आणि बघा, सर. हिला औषध लागत नव्हतं. हिच्या लेकींना लागत नव्हतं. राज्यात आज मेंढपाळ एकापुढे एक औषधं बदलतायत आणि एकही चालत नाही. त्याचं उत्तर या शेडमध्ये चालत-फिरत होतं. आज सकाळी कापलं."

खुर्च्यांवाले उठून बाहेर गेले. मला वाटलं, आता निलंबनाचं बोलतील. साहेब दोन्ही ट्रेंकडे आलटून पालटून बघत राहिले. हुशार माणूस, फरक त्यांना लगेच कळला. रुमाल खाली आला.

"याचे फोटो आहेत का?" ते म्हणाले. "चांगले काढून घ्या. दिल्लीत सादरीकरण आहे माझं. देशी जातींची प्रतिकारशक्ती, हा सध्या फार चांगला विषय आहे."

मी त्यांना फोटो दिले नाहीत. ट्रेही उचलले नाहीत. शिपायाला सांगितलं, "साहेब सांगतील तेव्हा ने," आणि खाली उतरले. पुढे त्यांनी दिल्लीत काय दाखवलं ते मला माहीत नाही. बढती मिळाली, एवढं माहीत आहे. मी निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला कुठल्याही बैठकीला बोलावलं नाही आणि त्याचा मला काडीचा त्रास झाला नाही.

खाली शेडमध्ये सोनावणे होते. रिकामी शेड झाडून काढत होते, का ते त्यांनाच ठाऊक. मी दारात उभी राहिले. त्यांनी झाडू थांबवला.

"किती निघाले खैरीच्या पोटात?"

"अगदी थोडे. आणि बारके, खुरटलेले."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर क्षणभर अभिमान आला, मला तो स्पष्ट दिसला. मग गेला.

"मग कापली कशाला तिला?"

बाहेर मुकादम आला होता. कुरणावर चुन्याने पट्टे आखत होता, गाडीच्या मापाचे, एकाशेजारी एक. मी सोनावण्यांना दारापाशी बोलावलं आणि ते दाखवलं.